ओल्या वाळूच्या रंगाची फरशी

फरशीच्या धंद्यात तुकडे कधी संपत नाहीत. कुणाच्या हॉलचे दोन उरतात, कुणाच्या न्हाणीघराचा एक, कुणाच्या जिन्याचा अर्धा. एकाचा रंग दुसऱ्याला लागत नाही, आणि टाकून द्यायला हात धजत नाही. मग गोडाऊनच्या मागं थप्पी वाढत जाते. आमच्याकडच्या किश्श्यांचंही तसंच झालंय. दुपारी गिऱ्हाईक नसलं, हायवेवरून एखादा लोड भरलेला ट्रक गेला आणि मांडणीतली सॅम्पलं बारीक किणकिणली, की मी त्यातलाच एखादा काढून बसते, आणि समोर जो सापडेल त्याला सांगते. आज तुम्ही सापडलात!

दुकान यवतला, सोलापूर रोडला लागून. एक मालक, म्हणजे माझे मिस्टर. सगळे त्यांना मालक म्हणतात म्हणून मीही म्हणते. घरातला मालक कोण ते विचारू नका. एक मी, सगळ्या तालुक्याची वहिनी. फरशी बसवणारे भंवरजी राजस्थानचे. त्यांची फरशी पक्की बसते, मराठी मात्र अजून बसायचीय. आणि सकाळी मळ्यात फेरी मारून आल्यावर दुकानाबाहेर लिंबाच्या सावलीत खुर्ची टाकून बसलेले आप्पा, माझे सासरे.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. अर्ध्या तालुक्याच्या घरात आमची फरशी आहे, पण आमच्या स्वतःच्या घरात कोबा! सिमेंटचा, काळपट, जागोजागी पोपडे धरलेला. कारण आप्पा. "मी हाय तवर कोबाच," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. का, असं थंडीत विचारलं तर म्हणायचे, "फरशी गार लागती." उन्हाळ्यात विचारलं तर, "फरशीवर माणूस घसरतंय." आणि मला तर फरशी हवी होती. नुसती हवी नव्हती हो, मनातल्या मनात मी तिच्यावरून रोज चालत होते. कोब्यावर केर काढताना मध्येच थांबायचे, डोळे मिटायचे, आणि पायाखाली काहीतरी थंड, गुळगुळीत पसरत गेल्यासारखं वाटायचं. मग कुकरची शिट्टी व्हायची.

*

तिचा रंग कुठला, ते रत्नागिरीला ठरलं. माझी धाकटी बहीण तिकडं दिलीय. तिनं फ्लॅट घेतला तेव्हा फोन केला, "ताई, दाजींना घेऊन ये. फरशी तुम्हीच निवडून द्या." मालकांची कॉलर ताठ झाली. गाडीच्या डिकीत सॅम्पलं भरली आणि आम्ही घाट उतरलो.

मालकांनी तिच्यापुढं सगळ्यात महागाची ग्लॉसी फरशी मांडली. तोंड दिसेल अशी. बहीण म्हणाली, "दाजी, इथं पावसाळ्यात माणसाच्या आधी फरशीला घाम येतो. हिच्यावरून आमच्या सासूबाई देवघरातून निघतील त्या थेट गॅलरीत पोचतील!"

मालकांचं घाटावरचं ज्ञान तिथंच आटोपलं. मग खरखरीत मॅट ठरली आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

संध्याकाळी समुद्रावर गेलो. लाट मागं सरकते ना, तेव्हा खाली जी वाळू उरते ती जराशी चकाकते आणि मग हळूहळू मंद होत जाते. मला तिथून हलवेना. तो रंग पिवळा नाही, राखाडी नाही, तपकिरी तर नाहीच. मी गाडीतून उरलेली सॅम्पलं आणली आणि वाळूवर एकेक मांडून बघायला लागले. शेजारचा भेळवाला म्हणाला, "काय वहिनी, समुद्राला फरशी बसवताय?"

शेवटचं सॅम्पल जुळलं. इतकं जुळलं, की एक लाट येऊन गेली आणि ते सापडेचना! मालक पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, वाकून वाळू चाचपत होते. "अगं, सॅम्पल गेलं!"

"जाऊ द्या," मी म्हणाले. "रंग सापडला ना!"

घरी आल्यावर मालकांनी कॅटलॉग उघडून सांगितलं, "याला बेज म्हणतात." माझ्या समुद्रावर कुणीतरी झाकण ठेवावं तसं वाटलं मला. तरी हिंमत करून आप्पांना विचारलं, "आप्पा, वाळूच्या रंगाची करूया का?"

आप्पा म्हणाले, "वाळू नदीत ऱ्हाऊ दे."

*

आमच्या दुकानात लोक चपला बाहेर काढून येतात. मालकांनी दारावर 'चप्पल घालून आत यावे' असा बोर्ड लावून बघितला. लोक तो बोर्ड वाचायचे, मान डोलवायचे आणि चपला काढून आत यायचे. फरशी म्हटली की ती कुणाच्या तरी घरातली, असंच मनात बसलेलं असतं.

एकदा राहूचे एक आबा आले, मंडळींना घेऊन. मळ्यात नवं घर चाललं होतं. आबांनी चपला काढल्या, टोपी नीट केली, हात मागं बांधले आणि डोळे मिटून फिरायला लागले. आम्ही एकेक नमुना खाली मांडून ठेवतो, त्यावरून ते सावकाश चालत होते. मागं मागं त्यांच्या मंडळी, ह्यांना काही लागू नये म्हणून वाटेतली स्टुलं बाजूला करत.

मालक म्हणाले, "आबा, डोळे उघडून बघा की!"

"बगायचं काम हिचं," आबा म्हणाले. "बगनारी बगंल. मी चालतुया."

मालक त्यांच्या बाजूनं चालत सांगत होते, ही इटालियन लूक, ही वुडन फिनिश. आबा पुढं. दुकानाच्या एका कडेनं दुसऱ्या कडेला गेले, वळले, परत आले, आणि काउंटरपाशी येऊन थांबले. पायाचे अंगठे जरा हलवले. चेहरा असा झाला, की माहेरी आलेली लेक उंबऱ्यात उभी असते ना, तसा.

"ही. ही द्या."

ती आमच्या दुकानाचीच फरशी! दुकान सुरू केलं तेव्हाची, घासून घासून झिजलेली, कंपनीनं कधीच बंद केलेली. मालकांनी परोपरीनं समजावलं, की आबा, ही मिळत नाही, हिची नवी दाखवतो. आबा हलेनात.

"नवी नगं. नवीवरनं अजून कोन चाललंच न्हाई, तिला काय कळनार?"

शेवटी मंडळींनी दंडाला धरून त्यांना दुसऱ्या नमुन्यावर नेऊन उभं केलं आणि म्हणाल्या, "ही घ्या. दोघं चालून जुनी करू."

*

केडगावकडं एक गुऱ्हाळवाले आहेत. बंगला बांधला, हॉलला पांढरीशुभ्र ग्लॉसी फरशी घेतली. भंवरजींनी ती अशी बसवली आणि अशी पुसली, की वर फिरणाऱ्या पंख्याची पाती खाली मोजता यावीत. वास्तुशांतीला आम्हालाही बोलावणं होतं.

गुरुजी म्हणाले, आधी गाय आत घ्या. गायीला हळदकुंकू लावलं, गळ्यात हार घातला. गाय उंबऱ्यापर्यंत झोकात आली. तिनं खाली बघितलं. खालून दुसरी एक गाय तिच्याकडं बघत होती, तसाच हार घातलेली! आमची गाय फुरफुरली आणि पाय रोवून उभी राहिली.

पुढून दोघं ओढतायत, मागून चौघं ढकलतायत, गुरुजी घड्याळ बघतायत. गुऱ्हाळवाले गायीच्या कानात सांगतायत, "अगं चल की बये, तुझंच घर हाय!" भंवरजी माझ्या कानाशी पुटपुटले, "भाभीजी, गाय को मॅट चाहिए थी."

अखेर कांद्याच्या रिकाम्या गोण्या आणल्या आणि उंबऱ्यापासून स्वयंपाकघरापर्यंत अंथरल्या. त्यावरून गाय पाटलीणबाईंसारखी चालत गेली. हॉलच्या मध्यावर थांबून तिनं जे करायचं ते केलं, आणि जमलेल्या सगळ्यांनी हात जोडले.

पुढच्या आठवड्यात गुऱ्हाळवाल्यांचा फोन. "वहिनी, फरशी लय भारी हाय. पर एक घोटाळा झालाय."

"काय झालं?"

"आता पावनेरावळे बी दारात थांबत्यात आन् म्हनत्यात, आधी गोन्या टाका!"

तेव्हापासून मालक ग्लॉसी दाखवायच्या आधी विचारतात, "वास्तुशांतीला गाय आणणार आहात का?"

*

वाळूच्या रंगाची फरशी मी कंपनीकडून मागवली आणि गोडाऊनच्या कोपऱ्यात लावून ठेवली. आप्पांचा नकार होता, पण म्हटलं, माणूस आहे, कधीतरी 'व्हय' म्हणेल, तेव्हा घरात माल हवा. थोडे नग दुकानात एका कोपऱ्यात नमुना म्हणून मांडले. एक गोष्ट तुम्हाला ठाऊक नसेल. एका वेळच्या भट्टीतून निघालेल्या मालाची जी छटा असते, ती पुन्हा हुबेहूब मिळत नाही. म्हणून आमच्याकडं कुणाला चार बॉक्स कमी पडले, की रडारड होते.

उन्हाळ्यातली दुपार होती. कुरकुंभला केमिकल कंपनीत शिफ्टला जाणारा एक जण बायकोला घेऊन आला. पत्र्याच्या भाड्याच्या खोलीतून आता दोन खोल्यांच्या स्वतःच्या घरात जाणार होते. तो मालकांशी बोलत राहिला. ती फिरत फिरत त्या कोपऱ्यात गेली, माझ्या वाळूवर बसली, तळवा टेकून बघितला. मग जरा कलंडली. आणि झोपली!

नवरा ओशाळला. उठवायला निघाला तर मालकांनी त्याचा हात धरला. तो हळूच म्हणाला, "माझी नाईट असती. मी दिवसा झोपतो तवा ही बाहेर बसून ऱ्हाती, आवाज नको म्हणून. पत्रा तापतोय, आत दोघं मावत न्हाई."

मग काय, सगळं दुकान कुजबुजायला लागलं. आमचे मालक, ज्यांचा आवाज समोरच्या ढाब्यावर जातो, ते मागून आलेल्या दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या कानात सांगत होते, "ही मॅट..." आणि गिऱ्हाईक त्यांच्या कानात म्हणत होतं, "भिंतीकडंची स्कर्टिंगची पट्टी बी दावा..." नवरा तिच्या उशाशी बसून आमच्याच कॅटलॉगनं माशा वारत होता. मला असं वाटलं, की हे दुकान नाही, कुणाचं तरी घर आहे, आणि सगळी पाहुणे मंडळी जेवून पडलीयत.

ती जागी झाली तेव्हा उन्हं उतरली होती. गालावर फरशीच्या जोडाची सरळ रेघ उमटलेली. आधी दचकली, मग हातानं फरशी कुरवाळली आणि नवऱ्याला म्हणाली, "हीच."

मालकांनी माझ्याकडं बघितलं. आतली सगळी थप्पी तिच्या दोन खोल्यांपुरतीच होती. मी तिच्या गालावरच्या रेघेकडं बघितलं आणि म्हणाले, "भरा टेम्पोत."

वाईट वाटलं का? वाटलं. पण उठवून नाही म्हणायला माझी जीभ रेटली नसती.

*

भंवरजींची एक रीत आहे. कुठल्याही खोलीत सगळ्या फरश्या पुऱ्या बसत नाहीत, कुठल्या तरी भिंतीला कापलेले तुकडे येतातच. म्हणून दोरी लावायच्या आधी ते घरातल्या बाईला विचारतात, "भाभीजी, आप बैठोगी किधर?" ती जिथं बसून भाजी निवडणार, जिथून दार बघणार, तिथं पुरी फरशी येईल अशी सुरुवात करतात. तुकडे जातात कपाटाखाली. घरात सगळ्यात जास्त वेळ खाली बघतं कोण? बाई!

एका गावच्या सरपंचांकडं काम होतं. भंवरजींनी सरपंचीणबाईंना विचारलं, "आप बैठोगी किधर?"

सरपंचच पुढं झाले. "तिला काय इचारता? हॉलमदी मी बसनार. ह्या भिंतीला माझी खुर्ची, समोर मान्सं. इथनं पुरी फरशी चालू करा."

सरपंच मीटिंगला गेले. दाराबाहेर गाडीचा आवाज लांब गेल्यावर बाईंनी पदर खोचला, हॉलमध्ये आल्या आणि खिडकीखाली, जिथून मळा दिसतो तिथं, मांडी घालून बसून दाखवलं. "हितं. हितनं पुरी लावा. तुकडं त्यांच्या खुर्चीखाली जाऊ द्या."

भंवरजी घाबरले. "सरपंच साहब गुस्सा करेंगे!"

"करायला घरी तर असाय पायजेत!"

*

न्हावऱ्याच्या एक मावशी एकट्याच आल्या, एसटीनं, हातात मोबाईल पुढं धरून. त्यांचा मुलगा परदेशात. घराला पैसा त्याचा, म्हणून निवड त्याची. "वहिनी, त्यो ह्या फोनात हाय. त्याला दावा."

मी फोन घेतला. मुलगा मोठा शहाणा. बॅच विचारली, जाडी विचारली, पाणी किती पिते ते विचारलं. मी एकेक नमुन्यावर फोन फिरवत होते. ही नको, ती नको. एवढ्यात मावशी कंटाळून एका फरशीवर जाऊन उभ्या राहिल्या.

तो म्हणाला, "आई, तिथंच जरा चालून दाखव."

मावशी लाजल्या. इकडं तिकडं बघितलं, पातळ किंचित उचललं आणि चार पावलं चालल्या. जोडव्यांचा आवाज आला. मी फोन खाली धरला होता. मावशी फोनाकडं वाकल्या.

"काय रं? आवाडली न्हाई व्हय?"

"आवडली," तो म्हणाला. "अजून एकदा चाल."

मावशी तिकडून इकडं चालल्या. "आता?"

"अजून एकदा."

असं किती वेळ चाललं कोण जाणे. मालक बिलबुक घेऊन उभे होते, ते तसेच उभे राहिले. शेवटी मावशींनीच फोन हातात घेतला आणि दम भरला, "फरशी घ्यायची का माझी वरात काढायची?"

*

मी दुसऱ्यांदा वाळू मागवली. तीही गेली. या खेपेला मारुती आडवा आला! शेजारच्या गावात मारुतीच्या सभामंडपाचं काम चाललं होतं, नेमका तोच रंग, त्याच भट्टीचा, आणि बराच माल कमी पडला. पंच दुकानात आले. मालक तोंड पाडून माझ्याकडं आले. "देवाला नाही कसं म्हणू गं?"

"नका म्हणू," मी चिडून म्हणाले. "पण त्याला सांगा, आमच्या आप्पांच्या कानात एकदा 'कर' म्हणून सांग!"

थप्पी फुटली ती फुटलीच. उरलेल्यात आमचा हॉलही झाला नसता. शनिवारी मी त्या देवळात गेले. सकाळचं ऊन मंडपात तिरपं आलेलं, फरशी नुकतीच पुसलेली, कुणी नव्हतं. चप्पल काढून पाय ठेवला आणि मला रत्नागिरीच आठवली. प्रदक्षिणा घालायला लागले ती थांबेचना. पुजारी गाभाऱ्यातून डोकावले. "वहिनी, आज लई फेऱ्या चालल्यात. काय नवस बोलला का काय?"

"नाही हो," मी म्हणाले. "माझी फरशी आहे. चालून बघतेय."

*

तिसऱ्यांदा माल आला तेव्हा मालकांनी स्वतः खडूनं बॉक्सवर लिहिलं : आमची. मला हसू आलं. आप्पांचा नकार तसाच होता, पण ते अक्षर बघायला मी उगाचच गोडाऊनमध्ये चकरा मारायचे.

शिक्रापूरकडं बंगला बांधणारे एक मोठे गिऱ्हाईक आले. बरोबर आर्किटेक्ट, मागं दोन गाड्या. त्यांनी कोपऱ्यातला नमुना बघितला आणि बोट दाखवलं. "ही. सगळी द्या."

आता आमचे मालक कसे, ते सांगते. गिऱ्हाइकाला नाही म्हणणं त्यांच्या रक्तात नाही. दुकानात नसलेली वस्तूही ते "बघू की, येऊन जाईल" म्हणतात. मी काउंटरवर मान खाली घालून बसले. म्हटलं, चालली. ही पण चालली.

मालक म्हणाले, "ती विकलीय."

"विकलीय? आत एवढी थप्पी दिसतेय की!"

"दिसतेय. पण विकलीय."

गिऱ्हाईक तापलं. असल्या लोकांना नाही ऐकायची सवय नसते. "कुणाला विकली? नाव सांगा, मी बोलतो त्यांच्याशी."

मालकांनी माझ्याकडं हात केला. "बोला."

त्या माणसानं माझ्याकडं बघितलं. मी त्याच्याकडं बघितलं. मला वाटतं, लग्नात अंतरपाट खाली आला तेव्हासुद्धा मला एवढी लाज वाटली नव्हती, आणि एवढा आनंदही झाला नव्हता. तो गाडीत बसून निघून गेला.

लिंबाखाली बसलेल्या आप्पांनी ते ऐकलं असावं. दार उघडंच होतं. संध्याकाळी घरी जाताना गाडीत मागच्या सीटवरून त्यांचा आवाज आला, "कवा बसवायची म्हंता ती वाळू?"

मालकांनी गाडी बाजूला घेऊन थांबवली. मागून एक टँकर केवढ्यांदा हॉर्न वाजवत गेला!

*

भंवरजींनी आमच्या घराला लावला तेवढा जीव कुणाच्या घराला लावला नसेल. मला विचारलं, "भाभीजी, आप बैठोगी किधर?" इतक्या घरांत मी तो प्रश्न ऐकला होता. माझ्यावर आला तेव्हा मी सगळ्या खोलीभर नजर फिरवली. मी म्हणाले, "कुठंही बसेन."

काम संपलं त्या संध्याकाळी त्यांनी सांगितलं, सकाळपर्यंत पाय ठेवायचा नाही. आम्ही अंगणात खाट टाकून बसलो आणि उघड्या खिडकीतून आपलंच घर बघत राहिलो. उन्हाचा पट्टा आत शिरला, फरशीवरून सरकत सरकत मागच्या भिंतीपर्यंत गेला. मालक म्हणाले, "बेज चांगला दिसतोय." मी त्यांना माफ केलं.

सकाळी उंबऱ्याजवळच्या फरशीला हळदकुंकू वाहिलं आणि आत गेले. काय सांगू! चहा ठेवायला मी चालत गेले की तरंगत, मला आठवत नाही.

अंगणातून आप्पा म्हणाले, "च्या हितंच दे."

म्हटलं, असेल. दुपारी म्हणाले, "ताट बी हितंच आन." रात्री खाट अंगणातच. आत पाऊल टाकलं नाही. मालकांनी बोलावलं, तर म्हणाले, "हितं वारं चांगलं हाय." दुसरा दिवसही तसाच गेला. शेजारच्या काकू कुंपणावरून आमच्याकडं बघत कुणाला तरी मोठ्यानं म्हणाल्या, "सुनंनं फरशी केली आन् सासरा आंगनात!"

त्या शब्दांनंतर फरशी मला टोचायला लागली. ज्या माणसानं 'करा' म्हणून सांगितलं, त्याला त्याच्याच घरातून आपण उठवलं, असं मनात आलं ते जाईना. जेवण गोड लागेना. मी मालकांना म्हणाले, "भंवरजींना बोलवा. उचलून टाकू द्या ही. मला नको."

"अगं, बसलेली फरशी उचलली की तुकडेच होतात."

"होऊ देत."

मालक म्हणाले, "आप्पांना तू सांग."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन बाहेर आले. म्हटलं, कप हातात देतानाच सांगून टाकू, आप्पा, कोबा परत करून घेऊ, तुम्ही आत या. खाट रिकामी होती. चपला खाटेखाली. घरामागून कसला तरी खरखर आवाज येत होता.

आप्पा धुणं धुवायच्या दगडावर बसले होते. धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं, शेजारी बंबातलं कढत पाणी बादलीत, साबणाची वडी, आणि हातात माझी न्हाणीघरातली वजरी. एक पाय दगडावर टेकवून ते टाच घासत होते. टाचेच्या भेगांत मळ्यातली काळी माती बसलेली. पाण्याचा लोट खाली गढूळ होऊन वाहत होता.

"आप्पा," मी म्हणाले.

त्यांनी वर बघितलं नाही. घासलेला पाय पाण्यानं धुतला, उन्हात धरून उलटासुलटा बघितला, आणि जमिनीला लागू नये अशा बेतानं कोरड्या फडक्यावर ठेवला.

"च्या आत ठिव," म्हणाले. "ह्यो एक पाय ऱ्हायलाय."